सूर्यफूल सुकलं म्हणून उपटू नका!

आर्वीच्या एका भगिनीचं पत्र आलंय. त्या लिहितात, "परसात सूर्यफुलाची सात-आठ झाडं लावली होती. फुलं छान आली. आता पाकळ्या गळल्या, माना खाली पडल्या. सासूबाई म्हणतात, वाळकं झाड दारात शोभत नाही, उपटून टाक. पण सकाळी पोपट येतात, चिमण्या येतात. माझ्या मुलानं मोबाइलवर त्यांचे फोटो काढले, तर नुसता हिरवा ठिपका! तेव्हापासून तो हटून बसलाय की पोपट विकत आणा, पिंजऱ्यात ठेवू, म्हणजे जवळून फोटो काढता येईल. त्याचे बाबाही म्हणतात, आणू या एखादा. मी काय करू?"

या पत्राचं उत्तर दोन ओळींत देऊन भागणार नाही. प्रश्न दिसायला फुलाचा आणि फोटोचा आहे. पण त्यात एका पाखराचं आयुष्य अडकलंय, आणि आपण आपल्या मुलाला काय शिकवणार हेही त्यातच आलं. म्हणून आजचं सगळं पान याच विषयाला.

आधी सासूबाईंचं म्हणणं घेऊ. नीटनेटकं अंगण कुणाला नको असतं? पण सूर्यफुलाची गंमत अशी, की आपण ज्याला एक फूल म्हणतो ती शेकडो बारीक फुलांची परडी असते. भोवतीच्या पिवळ्या पाकळ्या म्हणजे नुसतं आमंत्रण. मधल्या त्या बारीक फुलांतून एकेक दाणा धरतो, आणि पाकळ्या गळून गेल्यावरच तो भरू लागतो. म्हणजे आपल्याला वाटतं कार्यक्रम संपला, तेव्हा खरं तर पंगत मांडली जात असते! परडीची मागची बाजू आधी हिरवी असते, मग लिंबासारखी पिवळी होते, मग तपकिरी. पिवळी झाली की दाणा तयार होत आला असं समजावं. पाकळ्या गळल्यापासून साधारण तीन-चार आठवडे लागतात. तेवढा वेळ झाडाला द्या.

मग अंगणाचं काय? खालची वाळकी पानं काढून टाका, प्रत्येक झाडाला बांबूची काठी देऊन सुतळीनं बांधा, पुढच्या बाजूला झेंडूची एक ओळ लावा. उभं, बांधलेलं झाड गबाळं दिसत नाही. आणि सासूबाईंना सांगा, की निम्मी फुलं घरासाठी, निम्मी पाखरांसाठी. घरच्या वाटणीच्या फुलांवर जुन्या मलमलच्या कापडाची सैल पिशवी बांधावी. प्लास्टिकची नको, आत दमटपणा राहून बुरशी धरते. नायलॉनची जाळीही नको, तिच्यात पाखरांचे पाय अडकतात. परडी तपकिरी झाली की कापावी, चार दिवस ऊन दाखवावं आणि दोन परड्या एकमेकींवर घासाव्या. दाणे आपोआप सुटतात. सोलायचं काम किचकट आहे खरं, पण भाजलेले दाणे, लसूण, तिखट, मीठ अशी चटणी जवसाच्या चटणीच्या शेजारी ताटात छान वाटते. घरच्या माणसांना त्यांचा वाटा मिळाला, की पाखरांच्या वाट्यावर सहसा कुणी बोलत नाही. हा संसारातला अनुभव तुम्हा-आम्हा सगळ्याजणींचा आहे.

आता येतं कोण कोण, ते पाहू. परदेशी कॅलेंडरांवर तुम्ही चित्र पाहिलं असेल: सूर्यफुलावर बसलेला लहानसा पिवळाधमक पक्षी. तो अमेरिकेतला गोल्डफिंच. सूर्यफूल मूळचं उत्तर अमेरिकेचं, आणि तो पक्षीही तिथलाच, तेव्हा त्या दोघांचं जमायचंच. आपल्याकडे तेलासाठी सूर्यफुलाची शेती सुरू झाली ती १९६९ साली रशियातून बियाणं आणल्यावर. लातूर-सोलापूरकडे हे पीक चांगलं रुजलं. आपल्या वर्धा जिल्ह्यात मात्र वावरात कापूस, सोयाबीन आणि तूर. सूर्यफूल दिसतं ते बहुतेक परसात नाहीतर शाळेच्या बागेत.

आपल्या परसातल्या सूर्यफुलावर पहिला हक्क सांगतो तो पोपट, आपला राघू. तो परडीवर उलटा लटकतो, एकेक दाणा चोचीत फिरवून टरफल खाली सोडतो आणि गर खातो. कधी अख्खा तुकडाच तोडून पायात धरतो, लहान मूल पोळीचा रोल धरतं तसा. गळ्याभोवती काळी-गुलाबी रेघ असली तर तो नर. मादीला आणि लहान पिल्लांना ती नसते. पोपट खाण्यापेक्षा सांडतो जास्त, पण तेही वाया जात नाही. खाली चिमण्या, होले आणि खारी टपलेल्याच असतात. चिमणी स्वतःही परडीवर येते. तिची चोच जाड, तिला दाणा फोडता येतो.

आणि आपल्याकडचे फिंचसारखे छोटे पक्षी कोणते? तर मुनिया. काही पुस्तकांत त्यांना मनोली म्हटलंय. शास्त्रज्ञ मुनियांचं कुळ वेगळं मानतात, पण अंगकाठी तशीच: बोटभर पक्षी, तिकोनी आखूड चोच, सारखी थव्यानं हालचाल. ठिपकेवाली मनोली, पांढऱ्या गळ्याची मनोली, आणि सगळ्यांत देखणी लाल मुनिया. खरा फिंचही हिवाळ्यात आपल्याकडे पाहुणा येतो. उत्तरेकडून येणारा हा गुलाबी पक्षी, हिंदीत त्याला तूती म्हणतात. पण तो शेताच्या, झुडपांच्या कडेनं हिंडतो, परसात क्वचित.

मुनियेची चोच गवताच्या बियांसाठी घडलेली. सूर्यफुलाचं जाड टरफल फोडणं तिच्या आवाक्यातलं काम नाही. म्हणून सूर्यफुलाजवळ मुनिया हव्या असतील तर शेजारी मूठभर बाजरी आणि राळा टाकावा, आणि कुंपणाजवळचं थोडं गवत बी धरेपर्यंत कापू नये. आमच्या परसात हेच केलंय. मुनिया खातात बाजरीवर आणि विसावतात सूर्यफुलाच्या वाकलेल्या मानेवर. फोटोला आणखी काय हवं? जेवण शेजारी आणि बैठक आपल्याला हवी तिथे!

लाल मुनियेबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. पावसाळ्यात नर लालचुटूक होतो, अंगावर पांढरे टिंब, जणू नव्या चोळीवरची बुट्टी. विणीचा हंगाम सरला की तो लाल रंग उतरतो आणि नर मादीसारखा साधा, मातकट होतो. कित्येकजणींना वाटतं, "लाल पाखरं गेली बाई कुठे!" गेलेली नसतात. कपडे बदललेले असतात.

आता फोटोकडे वळू. आर्वीच्या मुलाच्या फोटोत हिरवा ठिपका आला, त्यात त्याचा दोष नाही. मोबाइल जवळच्या वस्तूंसाठी असतो. दुरून बोटांनी चित्र मोठं केलं की ते फाटतं. पाखरू लहान दिसतं ते आपण लांब असतो म्हणून, आणि लांब असतो कारण जवळ गेलं की ते उडतं. मग उपाय एकच: आपण जवळ जायचं नाही, त्याला आपल्याजवळ येऊ द्यायचं. त्यासाठी पुढच्या पाच गोष्टी.

एक: उजेड. लहान वयाचं सूर्यफूल दिवसभर सूर्याकडे वळतं हे आपण शाळेत शिकलो. पण फूल पुरतं उमललं की ते फिरणं थांबतं आणि बहुतेक फुलं पूर्वेकडे तोंड करून राहतात. फोटो काढणाऱ्याला यासारखा फायदा नाही. सकाळी तुम्ही झाडांच्या पूर्वेला असलात, तर ऊन तुमच्या पाठीशी आणि फुलाचं तोंड, पाखराचा डोळा, पिसांचा रंग सगळं उजळलेलं. म्हणजे झाडं खिडकीच्या पश्चिमेला असावीत. खिडकी नेमकी उलट्या बाजूला असेल तर सकाळी पाखरू काळं दिसेल. तुम्ही तिथून संध्याकाळी काढा, तेव्हा ऊन तुमच्या बाजूनं येईल. जानेवारीत आपल्याकडे साडेसात ते नऊ ही वेळ उत्तम. दुपारचं ऊन डोक्यावर येतं, पाखराच्या पोटाखाली काळोख होतो.

दोन: आडोसा. पाखरांना हालचालीची भीती, घराची नाही. स्वयंपाकघराची खिडकी हा आपला सगळ्यांत चांगला आडोसा. आतला दिवा बंद करा, म्हणजे बाहेरून आत दिसत नाही. जुन्या चादरीचा पडदा लावून त्याला तळहाताएवढं भोक पाडा आणि तिथून पाहा. भडक रंगाची साडी, हातातल्या बांगड्यांची किणकिण, शिट्टी होणारा कुकर, यांचीही पाखरांना हळूहळू सवय होते; पण अचानक हात उंचावला की सगळा थवा भुर्रर्र!

तीन: मोबाइलवाल्यांसाठी युक्ती. चपलांचा रिकामा खोका घ्या, त्याला एका बाजूनं गोल भोक पाडा आणि तो स्टुलावर ठेवून झाडापासून हातभर अंतरावर चार दिवस नुसता ठेवून द्या. पाखरं त्याला सरावली, की पाचव्या दिवशी आत मोबाइल उभा करा. घंटी बंद, विमान मोड चालू, म्हणजे ऐन वेळी माहेरचा फोन येणार नाही. व्हिडिओ सुरू करून तुम्ही घरात निघून या. अर्ध्या तासानं आणा आणि त्यातलं हवं ते चित्र थांबवून उतरवून घ्या. हे फक्त थंडीत आणि सकाळच्या उन्हात. उन्हाळ्यात बंद खोक्यात मोबाइल तापतो.

चार: कॅमेरावाल्यांसाठी. लांबचं ओढून घेणारी झूम भिंग असेल तर बसलेल्या पाखराला सेकंदाचा पाचशेवा भाग आणि फडफडणाऱ्याला हजारावा भाग इतका वेग ठेवा. फोकस नेहमी डोळ्यावर. डोळा स्पष्ट आला की बाकी थोडं धूसर असलं तरी चित्र जिवंत वाटतं. डोळा गेला की चित्र गेलं. पांढऱ्या गळ्याची मनोली काढताना प्रकाश थोडा कमी करा, नाहीतर गळा नुसता पांढरा डाग होतो. मागे दोरीवरचे कपडे, टाकी, विटा येत नाहीत ना, तेही पाहा. पाखरू कुठे बसेल ते तुम्ही ठरवू शकत नाही, पण मागे काय असेल ते ठरवू शकता.

पाच: धीर. मैत्रिणींनो, हा आपल्याला कुणी शिकवायला नको. दूध उतू जाण्याच्या क्षणापर्यंत उभं राहणं, मूल झोपेपर्यंत थोपटत राहणं, चकलीचा घाणा मंद आचेवर तळणं, हे सगळं ज्या धीरानं होतं तोच इथे लागतो. मी दुपारी शाळेत तास घ्यायला जाते, त्यामुळे सकाळचा हा अर्धा तास मीही काढूनच घ्यावा लागतो असाच मिळतो. पण तो घ्यावा. घरातल्यांना सांगून ठेवावं, की साडेसात ते आठ मला हाक मारू नका. दोन दिवस हसतील, तिसऱ्या दिवशी कुणीतरी चहाचा कप घेऊन शेजारी येऊन बसेल.

काय करू नये तेही सांगते. घरट्याचे फोटो काढायला जाऊ नये. आपण फांद्या बाजूला केल्या की कावळ्याला आणि मांजराला वाट दिसते. फोनवर पाखराची शीळ वाजवून त्याला बोलावू नये. ते बिचारं दुसरा नर आला समजून खाणं टाकून धावत येतं. फ्लॅश मारू नये. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: दुकानातून पेरायला आणलेलं जे बियाणं गुलाबी, निळं किंवा हिरवं रंगवलेलं असतं, त्याला औषध चोळलेलं असतं. तो रंग म्हणजे धोक्याची खूण. ते पेरल्यावर उरलं तर पाखरांना टाकू नका, मुलांच्या हाताला लागू देऊ नका, पेरल्यावर हात साबणानं धुवा. खाऱ्या, भाजलेल्या बियाही पाखरांना नकोत. फुलांवर कळी आल्यावर फवारणी टाळा. मावा पडला तर पाण्याच्या धारेनं झाडून टाका, केसाळ अळीचं पान तोडून टाका. चार अळ्या राहिल्या तरी बिघडत नाही, चिमणी आपल्या पिल्लांना तेच भरवते.

पाणीही ठेवावं. मातीचं पसरट परळ, दोन बोटं खोल, त्यात एक दगड. रोज पाणी बदला आणि एक दिवसाआड घासून धुवा, नाहीतर डासांची पैदास होते. ते झुडपाला लागून ठेवू नका, मांजर दबा धरतं. आपल्याकडच्या मे महिन्याची काहिली तुम्हाला सांगायला नको. दाणा नसला तरी चालेल, पण तेव्हा परळ कोरडं नको.

आता पत्रातला तिसरा प्रश्न, पिंजऱ्याचा. इथे मात्र मी थोडं कडक बोलणार आहे.

पहिली गोष्ट कायद्याची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपला देशी पोपट पकडणं, विकणं आणि पाळणं हा गुन्हा आहे. मुनियांचंही तेच. बाजारात कुणी "पाळीव आहे बाई, घ्या" म्हणून देत असला तरी तो गुन्हाच. पण कायद्याचं भय बाजूला ठेवलं तरी दुसरी गोष्ट उरते. पोपटाची वीण होते साधारण जानेवारी ते एप्रिल, जुन्या झाडांच्या ढोलीत. नेमकं तेव्हाच, आपली सूर्यफुलं पिकत असतात त्याच दिवसांत, ढोल्यांत हात घालून पिल्लं काढली जातात. डोळे नीट न उघडलेली, पिसं न फुटलेली पिल्लं पिशवीत कोंबून गावोगाव फिरवतात. वाटेत कितीतरी मरतात. मुनियांना तर विकायला हिरवा-पिवळा रंग फासतात. लाल मुनियेचं शास्त्रीय नाव अमंदावा हे अहमदाबाद या शब्दावरूनच पडलं, कारण जुन्या काळी तिथून या चिमुकल्या पाखरांचे पिंजरे परदेशी जात. म्हणजे या धंद्याची खूण तिच्या नावातच राहिली आहे.

म्हणून पिंजऱ्यातल्या पोपटाचा जवळून काढलेला फोटो कितीही स्पष्ट आला, तरी तो फोटो त्या पोपटाचा नसतो. तो पिंजऱ्याचा असतो. पंख छाटलेले, शेपटी गजांना घासून झिजलेली, एकाच जागी मान डोलावणं. मुलाला ते दाखवायचं, की थंडीच्या सकाळी परडीवर उलटा लटकून दाणे उधळणारा राघू?

मुलाला नुसतं "नाही" म्हणू नका. "नाही"नं मुलं गप्प होतात, समजत नाहीत. त्याला ही गोष्ट सांगा. १९०८ साली मुंबईत बारा वर्षांच्या एका मुलानं छऱ्याच्या बंदुकीनं एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही नेहमीची चिमणी नाही, मग कोणती, हे विचारायला तो बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेला. तिथे मिलार्ड साहेबांनी त्याला कपाटं उघडून शेकडो पक्षी दाखवले. तो मुलगा म्हणजे पुढचे डॉ. सलीम अली. त्यांच्या पुस्तकांवर भारतातले कितीतरी पक्षीनिरीक्षक वाढले. त्या काळी पक्षी ओळखायला तो हातात घ्यावा लागे, म्हणजे मारावा लागे. आज आपल्या मुलाच्या हाती मोबाइल आहे. पाखरू न मारता, न धरता, त्याचा गळा, डोळा, पिसं त्याला पाहता येतात. हे भाग्य सलीम अलींच्या लहानपणी नव्हतं.

आणि ज्यांच्या घरी आधीच पोपट आहे त्यांनी? एकदम दार उघडून सोडून देऊ नका. वर्षानुवर्षं पिंजऱ्यात राहिलेल्याला उडता येत नाही, खाणं शोधता येत नाही. कावळे आणि मांजरं त्याला टिकू देत नाहीत. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा, तिथले लोक पुढचं सांगतात.

कुणी म्हणेल, बायकांना काय करायचंय पाखरांचं! त्यांना दोन नावं सांगावीत. बिहारच्या जमाल आरा यांनी मुलांसाठी पक्षीनिरीक्षणावर लिहिलेलं पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टनं १९७० साली काढलं. उषा गांगुली यांचं दिल्लीच्या पक्ष्यांवरचं पुस्तक १९७५ साली आलं. मराठीत तर आपल्या विदर्भाच्या जंगलांत हयात घालवलेले मारुती चितमपल्ली. त्यांचा "पक्षिकोश" शाळेच्या वाचनालयात असेल तर जरूर पाहा. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले.

आपलं वर्धाही पाखरांच्या बाबतीत मागे नाही बरं. २०१८ साली वर्धेकरांनी चक्क मतदान करून आपला शहरपक्षी निवडला: दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो नीलपंख. ज्या गावात पाखरू निवडून येतं, त्या गावच्या अंगणात पिंजरा शोभत नाही!

काढलेल्या फोटोंचं करायचं काय? प्रत्येक फोटोला तारीख, वेळ आणि पाखरू काय करत होतं हे वहीत लिहून ठेवा. नाव येत नसेल तर "जाड चोच, पांढरा गळा, सहाजणी" इतकं पुरे. फेब्रुवारीत चार दिवस जगभर परसातल्या पाखरांची मोजणी होते. आपल्या देशातली माणसंही त्यात भाग घेतात. पंधरा मिनिटं खिडकीशी बसून मोजलं तरी चालतं. शाळेतल्या मुलांना हे काम दिलं, की ज्यांना निबंधाच्या पाच ओळी जड जातात, ती पोपटावर पान भरून लिहितात. स्वतः पाहिलेलं लिहायला शब्द कमी पडत नाहीत, हा माझा शिक्षिका म्हणून अनुभव.

ज्यांच्याकडे यंदा सूर्यफूल नाही त्यांच्यासाठी पेरणीचं वेळापत्रक. महाराष्ट्र सरकारनं २०२० सालापासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवला आहे. ५ तारीख चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ सलीम अलींचा. पहिलं बी दसऱ्याला लावा, दुसरं या सप्ताहात. म्हणजे सगळी फुलं एकदम पिकून संपत नाहीत, पाखरांचं येणं महिनाभर लांबतं. जागा उन्हाची हवी. बी दीड-दोन इंच खोल, दोन झाडांत फूटभर अंतर, दोन ओळींत दोन फूट. आठवड्यात कोंब येतो. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, तेव्हा रोज पाणी नको. वरची माती सुकली की द्यावं. साधारण दोन महिन्यांत फूल, तीन ते साडेतीन महिन्यांत पिकलेला दाणा. म्हणजे संक्रांतीच्या तिळगुळाच्या सुमारास पाखरांचाही सण. जागा नसली तर गच्चीवर मोठ्या कुंडीत बुटक्या जातीची दोन झाडंही चालतात. पोपट पत्ता शोधून येतो, त्याला घर क्रमांक लागत नाही.

आर्वीच्या भगिनींनी झाडं ठेवली का, मुलाच्या खोक्यात पहिलं पाखरू कोणतं आलं, ते जरूर कळवावं. इतर मैत्रिणींनीही लिहावं. हिंगणघाट, पुलगाव, देवळी, सेलू, कुठूनही. तुमच्या परसात कोण येतं, कोणत्या दाण्यावर येतं आणि किती वाजता, एवढं लिहिलंत तरी पुष्कळ. फोटो धूसर असला तरी संकोच नको.

पुढच्या आठवड्यात, वाळवणाच्या आधी धान्य किडीपासून कसं जपावं ते पाहू. आणि हो, निवडताना बाजूला काढलेली बारीक बाजरी फेकू नका. तिचं काय करायचं, ते आता तुम्हाला ठाऊक आहे.